बाटलीची चमक आणि मोरांदी

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

बाटल्यांच्या चित्राचा फोटो पाहिला. आकार नीट उतरलेत, पण नजर अडकते ती काचेवरच्या पांढऱ्या ठिपक्यांत. तो ठिपका बसला की शेजारचा डबा, मागची भिंत, सगळं फिकं पडतं. चित्रकार जॉर्जो मोरांदीनं (1890–1964) हा त्रास मुळातच मिटवला होता. तो बाटलीलाच रंग फासायचा, काहींच्या आत ओतायचा. वस्तूंवरची धूळही तशीच राहू द्यायचा, कारण तिनंही चमक कमी होते.

इटलीत बोलोन्याला, व्हिया फोंदात्सा या रस्त्यावरच्या घरात तो तीन बहिणींबरोबर राहायचा. झोपायची खोली हाच स्टुडिओ. 1930 ते 1956 तिथल्या कला अकादमीत एचिंग (धातूच्या पत्र्यावर आम्लानं रेघा कोरून छापायचं तंत्र) शिकवलं. 1957 मध्ये ब्राझीलमधल्या साव पावलोच्या बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) चित्रकलेचं मुख्य पारितोषिक मिळालं, तेव्हाही तो त्याच बाटल्या-डबे रंगवत होता. लोक त्याला संन्यासी म्हणतात. मला तो पक्का कारागीर वाटतो.

त्याची खरी मेहनत मांडणीत. टेबलावर कागद पसरून तो वस्तूंच्या बुडाभोवती पेन्सिल फिरवायचा. तूही तसंच कर. मग बाटली अर्धा सेंटिमीटर सरकवून बघ, मधल्या फटीचा आकार किती बदलतो ते. दोन वस्तूंच्या कडा एकमेकींना चिकटू देऊ नका, असं आपल्याला शिकवतात. हा गडी मुद्दाम चिकटवायचा! एकच रेघ दोघींची, पुढची कुठली आणि मागची कुठली कळेनासं होतं. पण हे जमतं ते दोघींच्या छटा जवळच्या असल्या तरच. एक गडद, एक उजळ घेतलीस तर ती सरळ चूक दिसेल.

राखाडीसाठी नुसतं काळं-पांढरं मिसळू नकोस, थंड निळसर होतं. पांढऱ्यात यलो ओकर (मातकट पिवळा), बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि किंचित अल्ट्रामरिन (गडद निळा) घालून एकच मोठा गोळा कर. बाकीच्या छटा त्यातूनच काढ, म्हणजे त्या एका घरातल्या दिसतात. अधूनमधून डोळे बारीक करून बघ. बाटली भिंतीत विरायला लागली तर घाबरू नकोस, तेच हवंय.

त्याच्यासारखी बाटलीच रंगवणार असशील तर काचेवर पोस्टर कलर टिकत नाही, पोपडे निघतात. आधी साबणानं तेलकटपणा घालव, बारीक पॉलिशपेपर फिरव, मग मॅट (बिनचमकीच्या) अ‍ॅक्रिलिकचे दोन पातळ हात दे. जाड एकच हात दिलास तर ओघळ येतील.

पुढचा फोटो चित्राचा नको, मांडणीचा पाठव.

तुझाच,
मित्र