दादा, तो दिवा पेटलेलाच होता!

दादा,

फोनवर थँक्यू म्हणलं तर तुम्ही "बरं बरं, झोप आता" म्हणून कट केलात, मग हे इथेच लिहितोय. नाव टाकत नाही, टाकलं तर पुढच्या वेळी फोन उचलणार नाही तुम्ही.

बाकीच्यांसाठी थोडं सांगतो. अकरा वर्षं झाली मी साउंडचं काम करतोय, लग्न, भजन, गणपती, शाळेचं गॅदरिंग, येईल ते, आणि सगळं एकाच २४ चॅनलच्या अ‍ॅनालॉग मिक्सरवर. एक नॉब एक काम, अंधारात पण हात बरोबर जागेवर जायचा. यंदा दिवाळी पहाटच्या कार्यक्रमाला पहिल्यांदा डिजिटल मिक्सर भाड्याने आणला, बेहरिंजर एक्स ३२, सोबत १६ इनपुटचा स्टेजबॉक्स, म्हणजे स्टेजवर ठेवून त्यात माइक लावायचा डबा. २०१२ पासून बाजारात असलेला मिक्सर, म्हणजे आपण किती मागे आहोत बघा. आदल्या रात्री नाट्यगृहात सेटअप, पहाटे साडेपाचला पडदा वर. यूट्यूबवर चार व्हिडिओ बघून गेलो होतो, म्हणजे सगळं येतंच की!

सुरुवात भारी झाली. जो ५० मीटरचा मल्टीकोर (सगळ्या माइकच्या वायरी एकत्र असलेली जाड केबल) आम्ही दोघं मिळून कुंथत उचलायचो त्याच्या जागी एकच कॅट फाइव्ह, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची असते तसली केबल, दहा मिनिटांत टाकून मोकळा. स्टेजबॉक्सवर हिरवा दिवा आला, माइक लावले, आणि आवाज शून्य. मीटर हलेना. माइक बदलला, केबल बदलली, फँटम (मिक्सरकडून माइकला जाणारी वीज) चालू-बंद करून बघितला, पोराला दोनदा ओरडलो (त्याची चूक नव्हती), असा पाऊण तास गेला. सव्वादहाला घाबरत घाबरत तुम्हाला फोन लावला.

तुमचं पहिलं वाक्य अजून कानात आहे, "आधी दोन्ही हात खिशात घाल. आता मला सांग, राउटिंगच्या पानावर इनपुट १ ते ८ समोर काय लिहिलंय?" लिहिलेलं होतं लोकल. म्हणजे माइक स्टेजबॉक्सला आणि मिक्सर बिचारा स्वतःच्या पाठीमागची रिकामी भोकं ऐकत बसलेला. ते एईएस५० ए, म्हणजे स्टेजबॉक्सची केबल येते ते पोर्ट, केलं, ९ ते १६ पण तसंच, आणि तबल्याच्या माइकचा मीटर नाचायला लागला. तुम्ही म्हणालात, अ‍ॅनालॉगमध्ये जिथे वायर खुपसली तिथेच आवाज येतो, इथे वायर आणि चॅनल यांचं लग्न आपण लावून द्यायचं असतं, आणि तेही आठ-आठच्या गठ्ठ्यात.

मग गेन, म्हणजे माइकचा सिग्नल आत घेताना किती वाढवायचा ते. माझी जुनी सवय म्हणजे लाल दिवा अधूनमधून चमकला की बरं वाटायचं, जरा गरम आवाज. तुम्ही ती मोडलीत. "डिजिटलमध्ये शून्यालाच छत आहे, डोकं आपटलं की आवाज फाटणारच. मीटर मायनस १८ डीबीच्या आसपास खेळव, जागा राहू दे." तसं केलं तर फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकपट्टी) पण शून्याच्या जवळ राहिला आणि हात हलवायला जागा मिळाली.

डग्ग्याची गोष्ट सांगायलाच पाहिजे. व्हिडिओत ऐकलं होतं की लो-कट (खालचा जाड आवाज गाळणारा फिल्टर) लावावा, घुमत नाही, म्हणून मी शहाण्यासारखा प्रत्येक चॅनलला १२० हर्ट्झचा लो-कट ठोकला होता. तबलजी वाजवतायत, वाजवतायत, मग थांबले आणि म्हणाले "अहो, माझा डग्गा कुठे नेलात?" खरंच नुसती थाप ऐकू येत होती, घुमारा गायब. मी फोन स्पीकरवर टाकून स्टेजकडे धरला, तुम्ही चार मात्रा पण ऐकल्या नसतील, "डग्ग्याचा लो-कट काढ रे!" काढला, आणि तबलजींनी मान डोलावली. गायिकेचा आणि निवेदकाचा तसाच ठेवला, तिथे तो पाहिजेच.

आणि आता तो दिवा. गाणाऱ्या बाई म्हणाल्या, मॉनिटरमध्ये (गाणाऱ्याला स्वतःचं ऐकायला ठेवलेला स्पीकर) मला माझा आवाज द्या. मी बस ३, म्हणजे मॉनिटरकडे जाणारी आवाजाची वाट, सिलेक्ट केला, सेंड्स ऑन फेडर हे बटण दाबलं, त्यांचा फेडर वर केला, झालं, मीच स्वतःवर खूश. तेवढ्यात मागच्या रांगेतून कमिटीचे काका हात हलवायला लागले, बाईंचा आवाज वाढवा. मी वाढवला. काका अजून हात हलवतायत. अजून वाढवला. सोबत तानपुरा पण वाढवला (मिरजेचा खरा तानपुरा आणला होता त्यांनी, अ‍ॅप नाही, आणि त्याचा आवाज मुळात एवढासा की माइकला गेन भरपूर दिलेला), आणि एकदम कुईंऽऽऽ, बाईंनी दोन्ही कान झाकले. हॉलमध्ये मात्र आवाज होता तेवढाच!

तुम्ही ओरडला नाहीत. ती शिट्टी फोनवर ऐकून एवढंच विचारलंत, "फेडरच्या बाजूचं बटण बघ, दिवा पेटलाय का?" पेटलेला होता. म्हणजे इतका वेळ मी जो फेडर ढकलत होतो तो हॉलचा नव्हताच, बस ३ ला म्हणजे बाईंच्या पायाशी ठेवलेल्या मॉनिटरला जाणारा होता. बटण बंद केलं तर सगळे फेडर खर्रकन आपापल्या जुन्या जागी पळाले. तेव्हा डोक्यात शिरलं की हा फेडर आत्ता कोणाचा आहे हे आधी बघायचं आणि मगच बोट लावायचं. माझ्या जुन्या मिक्सरवर हा प्रश्नच नव्हता.

नंतर तुम्ही त्याच मॉनिटरच्या बसवर ३१ बँडचा ग्राफिक इक्यू (आवाजाचा एकेक पट्टा वेगळा कमी-जास्त करायची सोय) लावून घेतलात, आवाज हळूहळू चढवत शिट्टी कुठे उठते ते ऐकायला लावलंत, अडीच किलोहर्ट्झला सापडली, तीन-चार डीबी खाली, बास. मी आधी तिथे दहा डीबीचा खड्डाच पाडला होता, तो तुम्ही भरायला लावलात, म्हणे बाई कुकरमधून गातायत असं वाटेल.

डीसीए (एका फेडरने बरेच चॅनल एकदम कमी-जास्त करायची सोय) मात्र एका वाक्यात समजला: "त्यातून आवाज जात नाही, हुकूम जातो." गायन एकावर, तबला-पखवाज दुसऱ्यावर, पेटी-बासरी तिसऱ्यावर, आणि शो मी जवळजवळ तेवढ्या तीन फेडरवर काढला.

रात्री पाऊण वाजता तुम्ही सीन, म्हणजे मिक्सरचं सगळं सेटिंग, सेव्ह करायला लावलात, पेनड्राइव्हवर वेगळी कॉपी, आणि मिक्सर बंद करताना थेट प्लग न काढता आधी सेटअपमधून शटडाउन. वर यूपीएसचा हट्ट. एवढ्या रात्री यूपीएस आणू कुठून, मनात चिडलोच होतो. शेवटी शेजारच्या कॉम्प्युटर क्लासवाल्याला उठवून आणला. आणि पहाटे सहा वीसला, ऐन भैरवाच्या वेळी लाईट गेली आणि जनरेटर यायला पाच-सहा सेकंद लागले. अ‍ॅम्प बंद पडले, बाई तशाच गात राहिल्या, आणि करंट आला तेव्हा मिक्सर जसाच्या तसा चालू होता. यूपीएस नसता तर तो परत बूट होईपर्यंत मी काय तोंड दाखवलं असतं सांगा.

पैशाचं विचारलं तर तुम्ही हसलात. अडीच तास फोनवर होतात तुम्ही, उद्या तुमचाही शो होता हे मला नंतर दुसऱ्याकडून कळलं. त्याबद्दल काय लिहू, इथे माझी बोलतीच बंद होते.

एक शंका अजून राहिलीय. मिक्सरवरचं ते मॅट्रिक्स नक्की कशाला वापरायचं? बाल्कनीच्या स्पीकरला वेगळा डिले द्यायचा, म्हणजे आवाज जरा उशिरा सोडायचा, तर त्यातूनच ना? रविवारी दुपारी जेवण झालं की फोन करतो, हात खिशात घालूनच.

तुमचा,
डग्गा हरवलेला