‘विक्रम-१’ उडण्याआधी उद्दिष्टं छापा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

२७ नोव्हेंबर २०२५ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते हैदराबादच्या स्कायरूट कंपनीच्या नव्या आवाराचं उद्घाटन आणि ‘विक्रम-१’ रॉकेटचं अनावरण झालं. तेव्हापासून या रॉकेटच्या पहिल्या उड्डाणाच्या तयारीबद्दल आपल्या दैनिकात जे जे आलं ते मी वाचलं. दोन्ही संस्थापकांचे फोटो आले, त्यांनी इस्रोची नोकरी सोडल्याची हकीकत आली, कंपनीत कुणी किती पैसे घातले तेही आलं. पहिल्या उड्डाणात नेमकं काय तपासणार आहेत, हे मात्र एकाही बातमीत सापडलं नाही. हे पत्र त्यासाठीच आहे.

मी नागपूरचा. रॉकेटला ढकलणाऱ्या, घन इंधनाने भरलेल्या नळकांड्यांचे, म्हणजे मोटरींचे, एक्स-रे काढायचे आणि त्या फिल्म वाचायच्या, या कामात माझी नोकरी गेली. त्यामुळे ‘देशाचं पहिलं खासगी कक्षीय रॉकेट सज्ज’ असं ठळक अक्षरात वाचलं, की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो तो तपासणीचा.

आपल्या वाचकांना कदाचित माहीत नसेल, पण या रॉकेटचं नागपूरशी जवळचं नातं आहे. त्याच्या दुसऱ्या टप्प्याची मोटर ‘कलाम-२५०’. तिच्यात इंधन भरण्याची प्रक्रिया नागपूरच्या सोलार इंडस्ट्रीजच्या कारखान्यात झाली आणि मार्च २०२४ मध्ये श्रीहरिकोट्याला ती ८५ सेकंद जाळून पाहिली. त्याआधी २०२२ साली तिसऱ्या टप्प्याची ‘कलाम-१००’ तर नागपुरातच १०८ सेकंद चालवून झाली होती. पुण्या-मुंबईच्या आवृत्त्यांनी हे छापलं नाही तर समजू शकतो, आपल्या नागपूर आवृत्तीने तरी छापायला हवं होतं.

आता मुद्द्याचं. ‘विक्रम-१’चे खालचे तिन्ही टप्पे घन इंधनाचे आहेत, फक्त सर्वांत वरचा छोटा टप्पा द्रव इंधनाचा. द्रव इंधनाचं इंजिन आधी चाचणी-चौथऱ्यावर पेटवून बघता येतं, बंद करता येतं आणि तेच इंजिन पुढे रॉकेटला लावता येतं. घन मोटरीत ती सोय नाही. एकदा पेटली की संपेपर्यंत जळते, मध्ये थांबवता येत नाही. जी पेटवून बघितली ती मोटर संपली, उडणार तिची जुळी बहीण. म्हणजे श्रीहरिकोट्याच्या तळावर उभी राहील ती मोटर आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचीच पेटणार असते. तिच्याबद्दल आपल्याला जी काही खात्री असते ती कागदांवरून, मोजमापांवरून आणि फिल्मवरून.

हे इंधन म्हणजे अमोनियम पर्क्लोरेट, अल्युमिनियमची भुकटी आणि रबरासारखं बांधून ठेवणारं एक द्रव्य. कणकेसारखं मळतात, हवा काढून घेऊन केसिंगमध्ये, म्हणजे मोटरीच्या बाहेरच्या कवचात, ओततात, मधोमध गाभा ठेवतात आणि कित्येक दिवस मंद उष्णतेवर घट्ट होऊ देतात. मग गाभा ओढून काढायचा. थंड होताना इंधन किंचित आकसतं आणि केसिंगच्या आतल्या अस्तराला ओढतं. तिथेच आमचं काम सुरू व्हायचं. आत हवेचा बुडबुडा राहिला का, चीर गेली का, इंधन अस्तरापासून सुटलं का? चीर असली तर जळणारा पृष्ठभाग वाढतो, पृष्ठभाग वाढला की दाब वाढतो आणि केसिंगला तो पेलला नाही तर पुढचं सांगायला नको. शिवाय चीर फिल्मवर दिसायला किरण तिच्या रेषेत जावे लागतात, आडवे गेले तर दिसत नाही. म्हणून मोटर थोडी थोडी फिरवत परत परत फिल्म काढायच्या, कडेचं सुटलेलं अस्तर बघायला कडेला स्पर्शून जाणारे किरण सोडायचे. आमचे एक साहेब म्हणायचे, “फिल्म स्वच्छ आली म्हणून मोटर स्वच्छ आहे असं लिहू नका. जे दिसलं नाही ते दिसलं नाही, एवढंच लिहा.”

यावरून पहिल्या टप्प्याच्या ‘कलाम-१२००’ मोटरीचा विचार करा. लांबी ११ मीटर, व्यास १.७ मीटर, आत ३० टन इंधन, आणि सगळं एकसंध, मध्ये जोड नाही. श्रीहरिकोट्याच्या इस्रोच्या घन इंधन कारखान्यात तयार झालेली ही सर्वांत लांब एकसंध मोटर. ८ ऑगस्ट २०२५ रोजी सकाळी ती चाचणी-चौथऱ्यावर ११० सेकंद जळली. हिशेब करा, सेकंदाला सरासरी पावणेतीनशे किलो इंधन! मला स्वतःला ही बातमी अनावरणाच्या बातमीपेक्षा कितीतरी मोठी वाटली. आपल्याकडे ती आतल्या पानावर चार ओळींत आली होती.

पण चौथऱ्यावर आडव्या ठेवलेल्या मोटरीची चाचणी आणि उड्डाण यांत फरक आहे. चौथऱ्यावर मोटर घट्ट धरलेली असते. उड्डाणात तीच मोटर हवेच्या माऱ्यात, स्वतःच्या कंपनात आणि वरचे टप्पे डोक्यावर घेऊन जळते. संपल्यावर तिला वेळेवर सुटावं लागतं, दुसरीला वेळेवर पेटावं लागतं. यातला एकेक भाग जमिनीवर तपासता येतो, सगळे मिळून तपासायला आकाशच लागतं.

याचं आपल्याच घरातलं उदाहरण घ्या. ७ ऑगस्ट २०२२ रोजी इस्रोच्या नव्या छोट्या रॉकेटचं, एसएसएलव्हीचं, पहिलं उड्डाण झालं. तिन्ही घन टप्पे व्यवस्थित जळले. पण दुसरा टप्पा सुटताना जेमतेम दोन सेकंद इतकी कंपनं झाली, की त्वरण मोजणाऱ्या सगळ्या संवेदकांची मर्यादा ओलांडली गेली. रॉकेटच्या संगणकाने समजूत करून घेतली की संवेदक बिघडले आणि पर्यायी मार्ग धरला. उपग्रह पोचले, पण त्यांची कक्षा एका बाजूला पृथ्वीपासून अवघ्या ७६ किलोमीटरवर येत होती. तिथे हवेचं घर्षण असतं, उपग्रह टिकत नाहीत. त्यांतल्या एका उपग्रहात देशभरातल्या ७५० शाळकरी मुलींनी तयार केलेली उपकरणं होती. मला त्या मुलींचं वाईट वाटलं. पण इस्रोने नेमकं काय झालं ते पुढे जाहीर केलं, सुधारणा सांगितल्या आणि १० फेब्रुवारी २०२३ रोजी दुसरं उड्डाण यशस्वी केलं. पहिल्या दिवशीच्या बातम्यांत ‘उपग्रह गमावले’ याच्या पलीकडे काही नव्हतं. कारण कळलं तेव्हा ते छापायला बहुतेकांकडे जागा नव्हती.

परदेशातल्या कंपन्या याबाबतीत थोड्या शहाण्या झाल्या आहेत. जर्मनीच्या इसार एरोस्पेसने ३० मार्च २०२५ रोजी नॉर्वेतल्या आंडोया बेटावरून ‘स्पेक्ट्रम’ रॉकेट सोडलं. साधारण अर्ध्या मिनिटात ते तळाजवळच समुद्रात कोसळलं. पण कक्षेत पोचण्याची अपेक्षा नाही, जितके सेकंद उडेल तितकी माहिती मिळेल, असं कंपनी आधीपासून सांगत होती. त्यामुळे वाचणाऱ्याच्या हातात मोजपट्टी होती. नंतर कारणही जाहीर झालं: रॉकेटवरचा ताबा सुटला आणि एक झडप नको तेव्हा उघडली. ऑस्ट्रेलियातल्या गिल्मोर कंपनीच्या ‘एरिस’ची तर गंमतच. मे २०२५ मध्ये उड्डाणाच्या आदल्या रात्री विजेच्या बिघाडाने त्याचं नाकाडं तळावरच आपोआप उघडून पडलं! नवं बसवून ३० जुलैला सोडलं, तर ते १४ सेकंद उडालं. कंपनीने दोन्ही गोष्टी लपवल्या नाहीत.

आपल्याकडे पहिली अडचण तारखेपासूनच सुरू होते. चेन्नईच्या अग्निकुल कंपनीचं ‘अग्निबाण’चं चाचणी उड्डाण २०२४ मध्ये चार वेळा पुढे ढकललं गेलं, एकदा तर अगदी शेवटच्या सेकंदांत. दर वेळी बातमीचा सूर असा की बिचाऱ्यांना जमत नाही. अखेर ३० मे रोजी ते उडालं आणि आयआयटी मद्रासच्या आवारात रुजलेल्या त्या कंपनीचं एकाच तुकड्यात त्रिमितीय छपाईने घडवलेलं, केरोसीन आणि द्रवरूप ऑक्सिजनवर चालणारं इंजिन प्रत्यक्ष उड्डाणात चाललं. आदल्या चार वेळा थांबवणारी माणसं तिथे बसली होती म्हणूनच पाचव्यांदा जमलं. मोजणीत काही वावगं दिसलं की थांबवायचं, हेच त्यांचं काम. ‘विक्रम-१’ची तारीखही पुढे गेली तर कृपया ‘पुन्हा नामुष्की’ वगैरे छापू नका. कारण विचारा आणि कारण छापा.

दुसरी अडचण याहून गंभीर आहे. कंपनी खासगी आहे, तिने का सांगावं, असं काही जण म्हणतील. मला ते पटत नाही. पहिल्या टप्प्याच्या मोटरीत इंधन भरलं गेलं इस्रोच्या कारखान्यात, जाळली इस्रोच्या चौथऱ्यावर, उडणार श्रीहरिकोट्याहून, आणि समुद्रात कुणी मासेमारीला जायचं नाही ते सरकार ठरवणार. त्याहून मोठी बाब म्हणजे १९७२ च्या आंतरराष्ट्रीय करारानुसार अशा रॉकेटने दुसऱ्या देशाचं नुकसान केलं तर भरपाईची जबाबदारी भारत सरकारवर येते, मग रॉकेट कुणाचंही असो. म्हणजे शेवटी तुमच्या-माझ्यावर. कंपनीकडून ती रक्कम कशी वसूल करायची, विमा किती, हे पक्कं करणारा अंतराळ कायदा संसदेने अजून केलेला नाही. २०१७ मध्ये मसुदा आला होता, २०२३ मध्ये धोरण आलं, पण धोरण म्हणजे कायदा नव्हे. परवानगी देण्याचं काम अहमदाबादच्या इन-स्पेस या संस्थेकडे आहे. तिने उड्डाणाची परवानगी देतानाच उद्दिष्टांचा एक साधा तक्ता जाहीर करावा: पहिला टप्पा पूर्ण जळला तर काय साधलं, दुसरा सुटला तर काय, कक्षा गाठली तर काय. आणि काही बिघडलं तर चौकशीचा अहवाल ठरावीक मुदतीत लोकांसमोर यावा. व्यापारी गुपितं झाकायची असतील तर तेवढ्या ओळी झाका.

ही अपेक्षा खासगी कंपन्यांपुरतीच नाही. १८ मे २०२५ रोजी इस्रोच्याच पीएसएलव्ही रॉकेटच्या घन इंधनाच्या तिसऱ्या टप्प्यात दाब घटला आणि उपग्रह गेला. ज्या रॉकेटवर आपण डोळे झाकून विश्वास ठेवायचो, त्याचं असं झालं. दाब का घटला, हे वाचायला माझ्यासारखे कितीतरी निवृत्त लोक उत्सुक आहेत. सरकारी संस्थेने पायंडा पाडला तर खासगीवाल्यांना पळवाट राहणार नाही.

एक जरा वेगळी गोष्ट, पण बोलल्याशिवाय राहवत नाही. इंधन मळणारे, ओतणारे, फिल्म वाचणारे, टॉर्क पाना घेऊन एकेक नट मोजून कसणारे लोक बातमीत कधीच नसतात. १७ डिसेंबर २०२३ रोजी आमच्या बाजारगावच्या, सोलारच्याच कारखान्यात स्फोट होऊन नऊ कामगार गेले. त्यांचं काम रॉकेटचं नव्हतं, पण जात तीच. तेव्हा मात्र त्यांची नावं पहिल्या पानावर आली. आमच्या गल्लीतला आयटीआयचा एक मुलगा परवा विचारत होता, “काका, रॉकेटच्या कंपनीत फक्त आयआयटीवालेच लागतात का?” त्याला मी जे सांगितलं ते आपल्या वार्ताहराने लिहिलं असतं तर त्याच्या वर्गातल्या सगळ्यांनी वाचलं असतं.

म्हणून विनंती एवढीच. ‘विक्रम-१’ तळावर उभं राहण्याआधी आपल्या विज्ञान वार्ताहराने स्कायरूटला आणि इन-स्पेसला लेखी प्रश्न पाठवावेत आणि उत्तरं आली नाहीत तरी प्रश्न छापावेत. उद्दिष्टांचा तक्ता मिळाला तर तो उड्डाणाच्या दिवशी पहिल्या पानावर द्यावा, म्हणजे मथळा लिहिणाऱ्यालाही सोपं जाईल. आणि श्रीहरिकोट्याला प्रतिनिधी पाठवणार असाल तर त्याला आधी एक दिवस अमरावती रोडवरच्या त्या बाजारगावच्या कारखान्यात पाठवा. तिथे परवानगी मिळवणं सोपं नाही, आत मोबाइल नेऊ देत नाहीत, काडेपेटी तर फाटकावरच काढून घेतात. तरी जाऊ द्या त्याला. मोटरीतलं इंधन आतून कसं तपासतात, एवढं जरी त्याने विचारून घेतलं, तरी पुढच्या बातमीत ‘सज्ज’ लिहिण्याआधी तो दोनदा थांबेल.

आपला,
एक निवृत्त तपासनीस
वाडी, नागपूर