गाठोडं कोणी राखायचं?

मुंबई, 12 जून

प्रिय सुध्या,

परवा फोनवर तू विचारलंस, "बेघरांच्या निवाऱ्यात काही महिने काढून कोणाचं असं काय बदलतं रे?" समोर लोकल लागलेली, नीट सांगता आलं नाही. पण प्रश्न डोक्यातून जाईना.

गेल्या पावसाळ्यात आमच्याकडे नवराबायको आणि दोन मुली आल्या. नवऱ्याचा हात मोडला, भाडं थकलं, डिपॉझिट त्यातच वळतं झालं आणि चौघं उड्डाणपुलाखाली आली. आल्या रात्री त्या बाईने जेवणाचं नाही, अंथरुणाचं नाही, एवढंच विचारलं, "हितं सामान ठेवून भायेर गेलं तर चालतं का?"

मला तेव्हा कळलंच नाही. फुटपाथवर एका माणसाला दिवसभर गाठोड्यापाशी बसावं लागतं. पालिकेची "गाडी" आली की भांडी, कपडे, आधारकार्ड सगळं उचलून नेते. म्हणजे कमावणारे दोन हात कायम राखणीला. आई कामाला गेली, तर थोरली बसणार. तिची शाळा अशीच सुटली होती.

इथे त्यांना कुलपाचं एक लहानसं कपाट मिळालं. पंधरा दिवसांत बाई दोन घरची धुणीभांडी करू लागली. हात बरा झाल्यावर नवरा सकाळी मजुरीसाठी नाक्यावर उभा राहू लागला. आधार नव्याने निघालं, खातं उघडलं. थोरलीच्या शाळेसाठी मी स्वतः गेलो. दाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही, वयाप्रमाणे वर्गात घ्यावं लागतं, हे 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यातच आहे. तरी दोन खेपा झाल्या. ती आता सहावीत आहे. आठव्या महिन्यात त्यांनी विरारकडे खोली घेतली, डिपॉझिट स्वतःच्या पैशांचं.

पण सुध्या, सगळ्यांचं असं होत नाही, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. बरेच निवारे बायकांचे वेगळे, पुरुषांचे वेगळे. मागे एक कुटुंब दारातून परत गेलं. आम्हाला जागा नव्हती, आणि दुसरीकडे चौदा वर्षांच्या मुलाला बापाबरोबर वेगळं राहावं लागणार होतं. आई म्हणाली, "फुटपाथवर निदान एकत्र तरी आहोत." तिला काय उत्तर देणार?

शहरात लाख वस्तीमागे एक निवारा हवा, तोही बारा महिने चोवीस तास, असं सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्येच सांगितलं. 2011 च्या जनगणनेत मुंबई सव्वा कोटीच्या घरात होती. म्हणजे सव्वाशे निवारे. आपण त्याच्या जवळपासही नाही. आणि चोवीस तास कशाला, असं विचारणारे भेटतात. अरे, सकाळी सहाला बाहेर काढलं की गाठोडं पुन्हा डोक्यावर! मग कामाला जायचं कोणी?

पुढच्या शनिवारी तू येतोयस ना? चादरी नकोत, त्या पुष्कळ येतात. घरात जुनी चालू कुलपं असतील तर किल्ल्यांसकट आण. सहा नवी कपाटं आलीत, कुलपं चारच आहेत.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
दिन्या