आधी श्वास मोजा

महोदय,

‘आम्ही आधी आलो, मग त्यांना आधी का घेतलं?’ आपत्कालीन विभागात परिचारिका म्हणून मी हे रोज ऐकते. नातेवाइकांची तगमग कळते. पण तिथली रांग येण्याच्या वेळेवर नाही, जिवाच्या धोक्यावर लागते. जो ओरडतोय त्याचा निदान श्वासमार्ग मोकळा आहे. कोपऱ्यात गप्प पडलेला, घामाने थबथबलेला रुग्ण मला जास्त घाबरवतो.

छातीत दुखत असेल तर रुग्ण आल्यापासून १० मिनिटांच्या आत ईसीजी काढतात. श्वासाची गती मात्र सर्रास अंदाजाने लिहिली जाते, याचं मला फार वाईट वाटतं. प्रौढाचा श्वास मिनिटाला साधारण १२ ते २०. तो २८ वर गेला, तर रक्तदाब शाबूत दिसत असूनही शरीर आत झुंजत असू शकतं. घड्याळ समोर धरून पूर्ण मिनिट मोजावं, तेही नाडी बघत असल्यासारखा हात मनगटावर ठेवून. आपला श्वास मोजताहेत हे कळलं की रुग्णाची लय बदलते.

नातेवाइकांनी एवढं करावं : त्रास नेमका किती वाजता सुरू झाला ते सांगावं. पक्षाघातात मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात. ‘सकाळपासून’ या उत्तरावर ते देता येत नाही.

– एक परिचारिका