सूचना : काढे, गोळ्या आणि रविवारची बैठक

सर्व सभासद आणि घरच्या मंडळींना नमस्कार,

येत्या रविवारी बैठकीला येताना, केमो वा रेडिएशनसोबत घरी जे काही चालू आहे ते पिशवीत घालून आणा. काढ्याची बाटली, चूर्णाची पुडी, हळदीच्या कॅप्सूल, सगळंच. त्याची यादी करून देऊ. पुढच्या ओपीडीला ती डॉक्टरांसमोर ठेवायची. 'डॉक्टर रागावतील' म्हणून लपवू नका.

भाजीतल्या हळदीबद्दल कुणाची तक्रार नाही. कॅप्सूलमधला अर्क मात्र कितीतरी तीव्र असतो. गुळवेलीचंही तसंच. 2021 मध्ये मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं नोंदवलं होतं. केमोच्या अनेक औषधांचा निचरा यकृतातूनच होतो, तेव्हा 'आयुर्वेदिक आहे, काय होतंय' हे इथे चालणार नाही. इमॅटिनिबसारख्या कॅन्सरवरच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावं, पपनसाबद्दलही विचारून घ्यावं.

व्यायामाचं मात्र मनापासून सांगतो. आतड्याच्या कॅन्सरच्या 889 रुग्णांवरील, 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रिया आणि केमोनंतर देखरेखीखाली व्यायाम करणाऱ्यांपैकी सुमारे 80 टक्के पाच वर्षं आजार न उलटता राहिले. फक्त माहितीपुस्तिका मिळालेल्यांत हे प्रमाण 74 टक्के होतं. उपचार सोडून नव्हे, उपचारानंतर!

हाडांत आजार पसरलेल्यांनी किंवा प्लेटलेट कमी असलेल्यांनी आसनं, मालिश डॉक्टरांना विचारूनच करावी.

ग्रुपवर 'रामबाण उपाय' फॉरवर्ड करू नयेत. आले तर काढून टाकू.

– व्यवस्थापन समिती