आदिवासी कल्याण मंत्र्यांना खुलं पत्र: पोरांच्या ताटात नाचणी कधी येणार?

मा. आदिवासी कल्याण मंत्री,
गोवा सरकार

साहेब, नमस्कार. मी काणकोण तालुक्यात प्राथमिक शाळेत शिकवायचे, आता रिटायर झालेय, ट्रान्सफरची भीती उरली नाही म्हणून सरळच लिहिते.

गावडा, कुणबी, वेळीप यांना २००३ साली अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला, २०११ च्या जनगणनेत गोव्यातल्या सगळ्या अनुसूचित जमाती मिळून १,४९,२७५ माणसं भरली. स्कॉलरशिप आल्या, योजना आल्या, चांगलंच झालं. पण पोरं खातात काय ते कोणी बघतं का? वाड्यावरच्या दुकानात चिप्स नि नूडल्सची पाकिटं लटकलेली, शाळेत मिड-डे मीलला बहुतेक वेळा पाव-भाजी. पावाशी माझं भांडण नाही हो, गोंयकाराला पाव लागतोच, पण ज्या घरात आजी सकाळी नाचणीची आंबील द्यायची त्याच घरातलं पोर आता चहात बिस्किट बुडवून शाळेत येतं.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्यातल्या पाच वर्षांखालच्या निम्म्याहून जास्त मुलांना ॲनिमिया निघाला. आणि २०२३ मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या अभ्यासात डायबिटीसमध्ये आपलं राज्य देशात पहिलं, २६.४ टक्के. हे सगळ्या गोव्याचे आकडे, आदिवासी वाड्यांचे वेगळे काढून दाखवा, ही पहिली मागणी समजा.

आता मुद्द्याचं. पूर्वी डोंगरावर कुमेरी, म्हणजे रान तोडून-जाळून केलेली फिरती शेती, व्हायची, नाचणी, वरी, कुळीथ, सगळं त्यातून यायचं. कुमेरी बंद झाली, जंगल राखायला हवं हे मलाही कळतं, पण त्या बदल्यात रेशनचा तांदूळ आला आणि नाचणी गेली. १०० ग्रॅम नाचणीत ३०० मिलिग्रॅमच्या वर कॅल्शियम असतं, तांदळात त्याच्या जवळपाससुद्धा नाही. आणि आपण काय करतो, तर कॅल्शियमच्या गोळ्या वाटतो!

पावसाळ्यात तर डोंगर म्हणजे भरलेलं कोठार. पहिल्या पावसानंतर तायकिळा (टाकळा), मग कुर्डू, तेरें (रानअळू), फागलां (कर्टोली), कीर्ल (बांबूचे कोंब), रोयणीवरची, म्हणजे वारुळावरची, अळमी (मश्रूम). पण हे नुसतं उपटून खायचं काम नाही. तेऱ्यात आंबट घातलं नाही तर घसा खाजतो, कीर्ल चिरून पाण्यात ठेवून ते पाणी बदलावं लागतं, तायकिळ्याची पानं कोवळी असतानाच खुडायची, आणि अळमीतली विषारी कुठली ते ज्याला कळतं त्यानेच टोपलीत टाकावी. हे सगळं वाड्यावरच्या म्हाताऱ्या बायकांना पाठ आहे आणि त्यांच्या नातवंडांना यातलं निम्मंही माहीत नाही, कारण ती दिवसभर शाळेत, आमच्याकडे, आणि आम्ही त्यांना पालकाचं चित्र दाखवून लोह शिकवतो.

नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला दहा दिवस दप्तराविना शाळा आहे ना? ते दिवस काणकोण, केपे, सांगे, धारबांदोडा इथे डोंगरावर घालवूया. सोबत त्याच म्हाताऱ्या बायका, आणि त्यांना मानधन द्या, हार-नारळ नको. पोरांनी पानं ओळखायची, खुडायची, निवडायची, शिजवायची. विज्ञानही त्यातच शिकवता येतं, अळमी वाळवीच्या वारुळावरच का येते हे सांगायला लागलं की तास कधी संपला ते कळत नाही.

आणि मिड-डे मील. जेवण बहुतेक ठिकाणी बचत गटच पुरवतात, मग त्यांना आठवड्यातून दोनदा नाचणी आणि कुळथाचं बनवायला सांगा, माल तालुक्यातल्या बायकांकडूनच घ्यायचा अशी अट घाला आणि ताटामागचा रेट वाढवा. जुन्या रेटमध्ये कोणी करणार नाही, मीही नाही केलं असतं.

एक अडचण तुमच्याच सरकारात आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यात गौण वनोपज गोळा करायचा हक्क लिहिलाय, तरी दावे वर्षानुवर्षं पडून आहेत आणि टोपली घेऊन रानात जाणाऱ्या बाईला गार्डची भीती वाटते. आदिवासी खाद्य महोत्सवात स्टॉल लावून फोटो काढण्याआधी ते दावे निकालात काढा ना, साहेब.

नाचणीचा तरवा, म्हणजे रोपं करायचं बी, पावसाच्या सुरुवातीला टाकतात. खरेदी होणार आणि काय भावाने होणार हे मे महिन्याच्या आत कळलं तर लोक बी काढतील, जुलैत सर्क्युलर आलं तर ते पुढच्या वर्षावर जाईल.

आपली,
काणकोणची एक निवृत्त शिक्षिका