नळीचा मऊपणा गेला कुठे?

संपादक महाशय,

सात वर्षांपूर्वी घेतलेली फवारणीची पिवळी नळी तेव्हा दोरासारखी वळायची. परवा बांधावरून उचलली, तर काडकन मोडली. उन्हाने कडक झाली, असे आपण म्हणतो. ऊन आहेच, पण ही नळी पीव्हीसी या प्लास्टिकची, आणि पीव्हीसी मुळातच कडक असते. तिला मऊ करायला थॅलेट नावाचे तेलकट रसायन घालतात, मऊ नळीत कधी वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके. ते प्लास्टिकला पक्के जोडलेले नसते, म्हणून हळूहळू बाहेर पडते. माझ्या नळीतले काही हवेत गेले असेल, काही माझ्याच केळीच्या बागेत मुरले.

थॅलेटचाच एक प्रकार असलेले डीईएचपी शरीरातल्या संप्रेरकांच्या (हार्मोन्सच्या) कामात बिघाड करते. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने त्याची मर्यादा लिटरला 8 मायक्रोग्रॅम सुचवली आहे. उन्हाळ्यात मी विहिरीचे पाणी तपासून आणले. टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार), कठीणपणा, नायट्रेट, सगळे कागदावर होते. थॅलेटचा रकानाच नव्हता. हे रसायन पाणी उकळून जात नाही. सक्रिय कोळशाचा फिल्टर ते धरतो, पण तोही वेळेवर बदलावा लागतो.

मातीबद्दल मात्र मला आशा वाटते. स्यूडोमोनास, ऱ्होडोकॉकस असे जिवाणू थॅलेट खाऊन त्याचा कार्बन डायऑक्साइड आणि पाणी करतात. त्यांना हवा लागते. पाणी तुंबलेल्या चिखलात हेच काम फार रेंगाळते. म्हणून आपल्या काळ्या जमिनीत निचरा आणि शेणखत दोन्ही हवे. आणि पऱ्हाटी! कापूस निघाला की चोपड्यापासून धुळ्यापर्यंत बांधोबांध ती पेटवतात. तीच खड्ड्यात कमी हवेवर जाळून, राख व्हायच्या आत पाणी मारून विझवली, तर चांगला कोळसा मिळतो. तो शेणखतात मुरवून टाकला की थॅलेट धरून ठेवतो, पिकाच्या मुळाशी कमी जाऊ देतो. फुकटचा हा फिल्टर आपण दरवर्षी धुरात घालवतो, याचे मला फार वाईट वाटते.

जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत थॅलेटची तपासणी सुरू व्हावी आणि बाजार समितीच्या आवारात जुन्या नळ्या जमा करून घ्याव्यात, ही विनंती. आज लोक त्या बांधावरच जाळतात, आणि पीव्हीसीचा धूर घशाला लागतो तो आम्लाचा असतो. माझी मोडकी नळी मी गोणीत भरून ठेवली आहे. ती नेऊन कुठे द्यायची, तेवढे कुणी सांगावे.

– एक केळी उत्पादक, ता. रावेर, जि. जळगाव